घडीत गेलेला बांध

(दृश्य: बाजेवर पसरलेला जुना गाव नकाशा. कॅमेरा हळूहळू मधल्या भोकावर येतो.)

हा आमच्या शिवाराचा नकाशा. आजोबांनी चौघडी करून ट्रंकेत जपलेला. उभी आणि आडवी घडी जिथं एकमेकींना छेदतात, नेमकं तिथं भोक पडलंय. आमच्या बांधाचा कोपरा त्या भोकात गेला. मोजणीच्या दिवशी दोन्ही घरची माणसं त्याच्याकडं बघत उभी होती.

कागद तिथंच फाटतो. चार पदरांचा ताण त्या एका टिंबावर येतो, उघडमीट करून तंतू तुटतात.

युरोपात एकोणिसाव्या शतकात यावर उपाय होता नकाशाच कापायचा. आयताकृती तुकडे तागाच्या कापडावर चिकटवायचे, मधे बारीक फट सोडायची. घडी पडे ती कापडावर. 1945 मध्ये हॅम्बुर्गला गेऱ्हार्ड फाल्क यांनी नकाशांचा व्यवसाय सुरू केला. त्यांच्या नकाशाला आडव्या चिरा असत. पोथीचं पान उलटावं तसा शहराचा हवा तेवढाच भाग उघडायचा.

पण मला मोह पडला तो कोर्यो मिउरा यांच्या घडीचा. हे जपानचे अवकाश-अभियंते. 1970 च्या सुमारास त्यांनी एका दिशेच्या घड्या सरळ ठेवल्या, दुसऱ्या दिशेच्या नागमोडी केल्या. चौकोन किंचित कलते झाले. त्यामुळं घड्यांचे छेद एकावर एक न येता थोडे सरकून बसतात. शिवाय सगळ्या घड्या एकमेकींत गुंतलेल्या: एक मिटली की बाकीच्या आपोआप मिटतात. 1995 मध्ये जपानच्या ‘स्पेस फ्लायर युनिट’ या यानातलं सौर पॅनेल असंच घडी घालून अवकाशात गेलं.

(दृश्य: दौलताबादच्या पुढं, वेरूळच्या वाटेवरचं कागजीपुरा.)

1327 च्या सुमाराला मुहम्मद तुघलकानं राजधानी इकडं हलवली, तेव्हा कागद करणारे कारागीरही आले, असं इथं सांगतात. गावाचं नावच त्यांच्यावरून पडलं. इथल्या हातकागदावर मी आमच्या जमिनीचा गट ‘महाभूनकाशा’ या सरकारी संकेतस्थळावरून उतरवून घेतला. जाड कागद, नागमोडी घडी दोनदा चुकली. तिसऱ्यांदा नखानं दाबून बसवली.

(दृश्य: ओसरी. आईचे हात.)

आईनं समोरासमोरचे दोन कोपरे धरून ओढले. सगळं शिवार एकदम उलगडलं. तिनं आधी बोट ठेवलं ते बांधाच्या कोपऱ्यावर, आणि म्हणाली, “इथं बाभळ होती.”