ड्रॉइंगसकट आलेलं इंजिन

मुंबईहून सोलापूरकडे जाणाऱ्या गाडीने ज्यांनी पूर्वी प्रवास केलाय, त्यांना पुणे स्टेशनवरचा थांबा आठवत असेल. विजेच्या तारा तेव्हा तिथेच संपायच्या. विजेचं इंजिन सुटायचं, थोड्या वेळाने डब्यांना हलकासा हिसका बसायचा आणि कुणीतरी म्हणायचं, "लागलं डिझेल." ते डिझेल बऱ्याचदा डब्ल्यूडीएम-2 असायचं. डब्ल्यू म्हणजे ब्रॉडगेज, डी म्हणजे डिझेल आणि एम म्हणजे मालगाडी, प्रवासी गाडी काहीही ओढणारं.

हे इंजिन आपण का घेतलं, ते ऐकण्यासारखं आहे. साठच्या दशकाच्या सुरुवातीला रेल्वेने दोन अमेरिकन इंजिनं आणून पाहिली. एक जनरल मोटर्सचं, म्हणजे डब्ल्यूडीएम-4. दुसरं अल्को कंपनीचं, आपलं डब्ल्यूडीएम-2. ताकद दोघांचीही 2600 अश्वशक्ती. जनरल मोटर्सचं इंजिन काही कमी नव्हतं. 1969 साली हावड्याची राजधानी एक्स्प्रेस सुरू झाली ती त्याच्याच जोरावर. पण जनरल मोटर्स तंत्रज्ञान द्यायला राजी नव्हती. अल्को राजी झाली. त्यामुळे डब्ल्यूडीएम-4 फक्त 72 आली आणि डब्ल्यूडीएम-2 अडीच हजारांहून जास्त बनली. माझ्या मते तो सौदा इंजिनापेक्षा ड्रॉइंगचाच, म्हणजे इंजिन कसं बनवायचं त्या आराखड्यांचाच होता.

ही इंजिनं इथे बनवणारा वाराणसीचा कारखाना 1961 मध्ये उभा राहिला. जानेवारी 1964 मध्ये तिथलं पहिलं इंजिन लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते रुळावर आलं. त्याचं नाव 'कुंदन'. सुरुवातीला अमेरिकेहून आलेले भाग जोडायचे, मग हळूहळू एकेक भाग इथेच करायचा, असं ते शिक्षण चाललं.

आता या इंजिनाच्या धुराबद्दल. त्यावरून याची फार बदनामी झाली. आत सोळा सिलिंडर आहेत, पण ते चाकं फिरवत नाहीत. ते जनरेटर फिरवतात, त्याची वीज सहा ट्रॅक्शन मोटरना जाते आणि त्या मोटरी चाकं फिरवतात. सिलिंडरना जादा हवा पुरवायला टर्बो असतो, आणि तो फिरतो सिलिंडरमधून बाहेर पडणाऱ्या गरम वायूच्या जोरावर. ड्रायव्हरने नॉच, म्हणजे ताकद वाढवणाऱ्या दांड्याची पायरी, वाढवला की डिझेल लगेच आत जातं, टर्बोला मात्र वेग घ्यायला वेळ लागतो. तेवढ्या वेळात डिझेल जास्त आणि हवा कमी. अर्धवट जळलेलं ते सगळं काळाभोर लोट होऊन वर जातं. गाडी सुटताना फोटो काढणारे नेमके याचसाठी ताटकळत उभे असायचे, हेही सांगायला हवं!

दुसरी अडचण ड्रायव्हरची. केबिन एकच, तीही एका टोकाला. लांब नाक, म्हणजे केबिनपुढचा इंजिनाचा लांबलचक भाग, पुढे करून इंजिन चालवायचं म्हटलं की समोरचा रूळ दिसायला मान तिरकी करावी लागे. काही इंजिनांना मोठ्या खिडक्या देऊन पाहिलं; त्यांना लोक 'जम्बो' म्हणायचे.

आणि गंमत बघा, शिकवणारी अल्को 1969 मध्येच बंद पडली. एरवी मूळ कंपनी गेली की तिचं इंजिन सुट्या भागांवाचून भंगारात जातं. इथे ड्रॉइंग आपल्याकडे होती. एअर ब्रेक बसवले, इंधनाची बचत केली, ताकद वाढवली. 1994 मध्ये 3100 अश्वशक्तीचं रूप आलं, तेच पुढे डब्ल्यूडीएम-3ए झालं. मीटरगेजवर याचा धाकटा भाऊ वायडीएम-4 होताच.

1995 मध्ये रेल्वेने पुन्हा जनरल मोटर्सशी करार केला, आणि या वेळी तंत्रज्ञानासकट. एव्हाना आपल्याकडे तीस वर्षांचा अनुभव होता. तरी वाराणसीने जुनं घराणं लगेच सोडलं नाही. नवी इंजिनं बनत असतानाच, 2003 मध्ये, तिथून 3300 अश्वशक्तीचं डब्ल्यूडीएम-3डी बाहेर पडलं. अल्को बंद पडून तेव्हा चौतीस वर्षं झाली होती.