एक मिलिमीटर, दहा हजार माणसं

१८१२ साली रशियावर चालून गेलेल्या फ्रेंच फौजेचा हा नकाशा १८६९ साली पॅरिसमध्ये छापला गेला. काढणारे शार्ल मिनार, निवृत्त इंजिनिअर, वय ८८. डावीकडे रशियाच्या सीमेवरच्या निएमन नदीपासून एक जाड बदामी पट्टा निघतो आणि उजवीकडे मॉस्कोपर्यंत जातो. तिथून काळा पट्टा परत फिरतो. पट्ट्याची रुंदी म्हणजे माणसं. एक मिलिमीटर रुंदी म्हणजे दहा हजार सैनिक. निघताना ४ लाख २२ हजार. परतताना १० हजार.

ज्याच्या हुकमावरून ही माणसं चालत गेली, तो नेपोलियन बोनापार्ट. त्याची गोष्ट सांगताना या पट्ट्याला विसरायचं नाही, एवढंच आम्ही ठरवलं आहे.

१५ ऑगस्ट १७६९. भूमध्य समुद्रातलं कॉर्सिका बेट, गाव अजाक्सिओ. बेट फ्रान्सच्या ताब्यात येऊन जेमतेम वर्ष झालेलं. घरात बोली इटालियन वळणाची. नऊ वर्षांचा असताना हा मुलगा सरकारी खर्चाने फ्रान्समधल्या लष्करी शाळेत गेला. तिथे त्याच्या उच्चारांची टिंगल व्हायची. गणित मात्र पक्कं होतं, म्हणून तोफखान्यात गेला आणि सोळाव्या वर्षी अधिकारी झाला.

एरवी तो तिथेच कुठेतरी अडकला असता. पण १७८९ ची क्रांती झाली. राजघराण्याशी बांधलेले सरदार-अधिकारी देश सोडून पळाले आणि फौजेत वरच्या जागा भराभर रिकाम्या झाल्या. १७९३ साली फ्रान्सचं तुलाँ बंदर ब्रिटिशांच्या ताब्यात होतं. नेपोलियनने शहराच्या तटाकडे पाहिलंच नाही. समोरच्या भूशिरावर तोफा चढवल्या की खाली उभ्या जहाजांना निघून जावंच लागेल, हे त्याने ओळखलं. तसंच झालं. चोवीस वर्षांचा तोफखाना अधिकारी जनरल झाला.

पुढची दहा-बारा वर्षं वाऱ्यासारखी गेली. १७९६ ला इटली, १७९८ ला इजिप्त, १७९९ ला पॅरिसमध्ये सत्ता हातात. २ डिसेंबर १८०४ रोजी नोत्र दाम कॅथेड्रलमध्ये खुद्द पोप हजर असताना त्याने मुकुट स्वतःच्या हाताने डोक्यावर ठेवला. बरोबर एक वर्षाने, त्याच तारखेला, ऑस्टरलिट्झला त्याने ऑस्ट्रिया आणि रशिया या दोन सम्राटांच्या फौजा एका दिवसात मोडल्या.

त्याने दिलेलंही खूप आहे. १८०४ चा नागरी कायदा घ्या. जन्मावरून मिळणारे हक्क गेले, कायद्यापुढे सगळे पुरुष समान झाले. पुरुष म्हणायचं, कारण बायकोला त्याच कायद्याने नवऱ्याच्या आज्ञेत ठेवलं. आणि क्रांतीने रद्द केलेली गुलामगिरी त्याने १८०२ साली वसाहतींमध्ये परत आणली. त्याला थोर म्हणताना हे वगळणं आम्हाला मान्य नाही.

समुद्र मात्र ब्रिटिशांचाच राहिला. ते आरमाराने हरेनात, तेव्हा व्यापाराने त्यांची कोंडी करायची असं त्याने ठरवलं. युरोपातल्या कुठल्याही बंदरात ब्रिटिश माल उतरता कामा नये. ही बंदी पाळायला लावण्यासाठी आधी पोर्तुगाल, मग स्पेन. स्पेनमध्ये गावोगावी लोक उठले आणि वर्षानुवर्षं ती जखम भळभळत राहिली. शेवटी रशियाने बंदरं उघडली, आणि नेपोलियन रशियावर निघाला.

पुन्हा नकाशाकडे या.

२४ जून १८१२. फौज निएमन ओलांडते. आता बदामी पट्टा नीट बघा. मॉस्कोला पोचेपर्यंत तो एक लाखावर आलेला आहे. बर्फ पडायला अजून अवकाश आहे! ‘रशियाच्या थंडीने नेपोलियनला हरवलं’ असं आपण शाळेपासून ऐकत आलो, पण निम्म्याहून अधिक फौज उन्हाळ्यातच गळाली. काही तुकड्या वाटेत ठाण्यांवर ठेवल्या, काही लोक पळाले, आणि बाकीचे उकाड्याने, हगवणीने, उवांमधून पसरणाऱ्या टायफसने गेले. धान्याच्या गाड्या चिखलात मागे रुतल्या. घोड्यांनी शेतातलं राय नावाचं कोवळं धान्य खाल्लं आणि ते हजारोंनी मेले. रशियन फौज मात्र मागे मागे सरकत राहिली.

७ सप्टेंबरला बोरोदिनोची भयंकर लढाई झाली. एका आठवड्यात मॉस्को हातात आलं, आणि पेटलं. नेपोलियन पाच आठवडे तहाच्या उत्तराची वाट पाहत थांबला. झारकडून उत्तर आलंच नाही. १९ ऑक्टोबरला तो निघाला, तेव्हा लुटीच्या गाड्या होत्या, पण बर्फात घसरू नये म्हणून घोड्यांच्या पायांना लागणारे खिळ्यांचे नाल नव्हते. दक्षिणेची वाट रशियन सेनापती कुतुझोव्हने अडवली. मग ज्या रस्त्यावर आधीच काही उरलं नव्हतं, त्याच रस्त्याने परत.

नोव्हेंबरअखेर बेरेझिना नदी. पूल रशियनांनी जाळलेला, नदी पुरती गोठलेली नाही. पूल बांधायचं सामान वाटेतच जाळून टाकायचा हुकूम नेपोलियनने काही दिवसांपूर्वी दिला होता. जनरल एब्लेने अवजारांच्या सहा गाड्या आणि दोन फिरत्या भट्ट्या तेवढ्या वाचवल्या होत्या. स्टुडियांका गावातली लाकडी घरं उतरवून त्याच्या माणसांनी वासे काढले. छातीइतक्या पाण्यात, अंगाभोवती बर्फाचे तुकडे वाहत असताना, त्यांनी दोन पूल उभे केले. पूल मोडले की तीच माणसं पुन्हा पाण्यात उतरत. त्यांच्यातले बहुतेक जगले नाहीत. एब्लेही वर्ष संपता संपता गेला. २९ तारखेला सकाळी पूल पेटवले, तेव्हा मागच्या काठावर हजारो माणसं राहिली होती. मिनारच्या नकाशात नदीच्या अलीकडे आकडा ५० हजार आहे, पलीकडे २८ हजार.

नेपोलियन ५ डिसेंबरला फौज सोडून पॅरिसला निघाला. त्याआधी त्याने जाहीर निवेदन लिहिलं. फौजेचे हाल त्यात कबूल केले होते. शेवटचं वाक्य असं, की सम्राटांची प्रकृती याहून उत्तम कधीच नव्हती. ज्यांची मुलं परत आली नव्हती, त्या घरांनी हे वाक्य वाचलं.

नंतरचं पटकन घडलं. १८१३ ला लाइपझिगला पराभव, १८१४ ला राजत्याग आणि एल्बा बेटावर हद्दपारी. १८१५ च्या मार्चमध्ये तो परत आला. त्याला पकडायला आलेल्या तुकडीसमोर कोट उघडून उभा राहिला, आणि तीच तुकडी त्याच्यामागे पॅरिसकडे चालू लागली.

१८ जून १८१५, वॉटर्लू. समोर टेकाडावर ब्रिटिश सेनापती वेलिंग्टन उभा होता. बारा वर्षांपूर्वी, आजच्या जालना जिल्ह्यातल्या असईला, शिंदे आणि नागपूरकर भोसले यांच्या फौजेशी लढलेला हाच आर्थर वेलस्ली. आदल्या रात्रीच्या पावसाने जमीन ओली, म्हणून नेपोलियनने हल्ला दुपारवर ढकलला. संध्याकाळी वेलिंग्टनच्या मदतीला सेनापती ब्ल्यूखरचे प्रशियन सैनिक येऊन पोचले, आणि संपलं.

५ मे १८२१ रोजी तो सेंट हेलेना बेटावर, ब्रिटिशांच्या कैदेत वारला. वय ५१. थडग्यावर नुसतं ‘नेपोलियन’ लिहायचं, असं त्याच्या माणसांचं म्हणणं. ब्रिटिश गव्हर्नरला ‘बोनापार्ट’ही हवं होतं. वाद मिटला नाही, दगड कोरा राहिला. १८४० ला अस्थी मोठ्या थाटात पॅरिसला नेल्या.

आणि तो पट्टा? २००१ साली लिथुआनियातल्या विल्निअस शहरात बांधकामासाठी जमीन खणताना मजुरांना हाडं लागली. तीन हजारांहून अधिक माणसं, बहुतेक तरुण. काळा पट्टा जिथे सगळ्यात बारीक होत जातो, तिथलीच ही जागा. कोण होते हे सांगणारे कागद नव्हते. कोटांची बटणं होती. माती पुसली की बटणावर पलटणीचा आकडा दिसत होता.