आई कोलकात्याची, जर्सी वेल्सची

मंडळी, पत्रिकेत विषय छापलाय ‘दुहेरी वारसा आणि राष्ट्रीय संघ’. त्याकडे येतोच. आधी सांगा, नील टेलर हे नाव किती जणांनी ऐकलंय? तीन हात. त्यातले दोघे रोज सकाळी माझ्याबरोबर मैदानावर असतात, ते धरत नाही.

दोष तुमचा नाही. तो वेल्सचा फुटबॉलपटू, लेफ्ट बॅक, म्हणजे डाव्या कडेचा बचावपटू. बचावपटूचं नाव लोकांना कळतं ते तो चुकल्यावर. त्यातून आडनाव टेलर. आई कोलकात्याची बंगाली, पण आडनाव बॅनर्जी असतं तर आपल्या पेपरांनी पहिल्या पानावर फोटो छापला असता.

2016 ची युरो, म्हणजे युरोपातल्या देशांची स्पर्धा. 1958 च्या वर्ल्ड कपनंतर वेल्स पहिल्यांदाच एवढ्या मोठ्या स्पर्धेत. 20 जून, तुलूझ, समोर रशिया. अकराव्या मिनिटाला वेल्सच्या रॅमसीचा गोल झालेला. विसाव्या मिनिटाला डावी कड सांभाळायची सोडून हा गडी थेट रशियाच्या गोलसमोर! चेंडू पायाशी, समोर एकटा गोलकीपर अकिनफेयेव. आणि टेलरनं मारला कुठे? बरोब्बर त्याच्या अंगावर. नशीब, चेंडू परत त्याच्याच पायात आला. मग मात्र आत. 2010 मध्ये रेक्सहॅम क्लबकडून गोल केला होता, त्यानंतरचा हा पहिला. सहा वर्षांनी! वेल्सकडून 43 सामने खेळला, त्यात गोल हा एवढाच. त्या दिवशी 3-0 जिंकून वेल्स गटात पहिले आले, इंग्लंड दुसरे. (इंग्लंडभक्त मंडळी या ठिकाणी पाणी प्यायला उठतात.) पुढे उपांत्य फेरीपर्यंत धडक.

दुसरी बाजूही सांगायला हवी. सप्टेंबर 2012 मध्ये स्वॉन्सी क्लबकडून खेळताना त्याचा घोटा मोडला. आणि मार्च 2017 मध्ये डब्लिनला त्याच्याच टॅकलनं आयर्लंडचा कर्णधार शेमस कोलमन याचा पाय मोडला. रेड कार्ड मिळालं, मिळायलाच हवं होतं. ते दुखणं काय असतं हे जाणणारा माणूस असा घुसतो, याचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही.

चिठ्ठी आली. पाच मिनिटं. बरं, मूळ विषय.

आई-वडील किंवा आजी-आजोबा एखाद्या देशात जन्मलेले असतील, तर फिफा त्या देशाकडून खेळू देते. पण नागरिकत्व हवंच. भारतात दुहेरी नागरिकत्व नाही आणि परदेशी नागरिक असलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळणाऱ्या ओसीआय कार्डावर राष्ट्रीय संघात जागा मिळत नाही. म्हणजे आईच्या देशाकडून खेळायचं तर आधी स्वतःचा पासपोर्ट सोडा. आपल्या पुणे एफसी क्लबकडून खेळलेला इझुमी अराता, वडील गुजराती, आई जपानी. त्यानं जपानचं नागरिकत्व खरंच सोडलं, तेव्हा कुठे 2013 मध्ये भारताकडून उतरला. इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये खेळणारा कोण असं करेल? फिलिपीन्सनं 2003 मध्ये दुहेरी नागरिकत्वाचा कायदा केला आणि 2019 ला ते पहिल्यांदा आशियाई चषकात पोचले. कायदा हे एकच कारण नव्हे, पण मोठं कारण.

आपल्याकडे निदान खेळाडूंपुरती सवलत द्यायला काय हरकत आहे, त्यावर माझे चार मुद्दे होते. ते प्रश्नोत्तरांत. छेत्रीवरचे प्रश्न कृपया शेवटी.