वरण जरा घट्ट करा

(गंगाघाट. श्रावणातला बुधवार, सकाळची वेळ.)

नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतात. त्यामुळे बुधवारी कोणी "गंगेवर जाऊन येते" म्हणालं, तर ती दर्शनाला निघाली की भाजीला, हे हातातल्या पिशवीवरून ओळखायचं. आज घाटावर बाजार आहे. पाणी चढलं की विक्रेते वर सरकतात, ओसरलं की पुन्हा खाली येतात.

गिरणारे, मखमलाबादकडची कोथिंबीर आणि टोमॅटो. पेठ, हरसूलकडून पहाटेची एसटी पकडून आलेल्या बायकांच्या पुढ्यात करटुली, कुरडूची भाजी. पलीकडे कडधान्यांची पोती: मटकी, हुलगे, चवळी, अख्खे उडीद. त्यांच्या शेजारी नागली, वरई, काळीभोर खुरासणी, जवस.

शाकाहारी माणसाला लागतं ते जवळजवळ सगळं या एका घाटावर मिळतं. जवळजवळ म्हणतोय, कारण एक गोष्ट इथे मिळत नाही. तिच्याकडे पुढे येऊ.

(स्वयंपाकघर. ताट वाढलं जातंय.)

आता हे शहरातलं नेहमीचं ताट बघा. तीन पोळ्या, बटाट्याची भाजी, भात, आणि भातावर पातळ वरण. इतकं पातळ, की वाटीचा तळ दिसावा. कडेला लोणचं, असलाच तर काकडीचा एक काप. पोट भरतं, तक्रार कोणाचीच नसते. पण या ताटात गहू, तांदूळ आणि बटाटा, म्हणजे पिष्टच तीन रूपांत आलंय. डाळ फक्त रंगापुरती.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांनी २०२४ मध्ये आहाराची नवी मार्गदर्शक तत्त्वं काढली. दिवसाला २,००० कॅलरी लागणाऱ्या माणसासाठी त्यांचा हिशोब असा: धान्य २५० ग्रॅम, डाळी-कडधान्यं ८५ ग्रॅम, भाज्या ४०० ग्रॅम, फळं १०० ग्रॅम, दाणे आणि तेलबिया ३५ ग्रॅम. ही सगळी वजनं कच्च्या मालाची. म्हणजे ८५ ग्रॅम डाळ ही कोरडी डाळ. कुकरमधून निघालेली नव्हे.

घरात वजनकाटा असेल तर एकदा ८५ ग्रॅम डाळ मोजून बघा. तीन मुठींच्या आसपास भरते. आपल्या ताटात येते ती बहुतेकदा अर्धी मूठ.

साठ किलो वजनाच्या माणसाला दिवसाला साधारण ५० ग्रॅम प्रथिनं लागतात. अडीचशे ग्रॅम गहू-ज्वारीतून पंचवीसेक ग्रॅम येतात. ८५ ग्रॅम डाळ-कडधान्यांतून १९-२० ग्रॅम. मूठभर शेंगदाण्यांतून सातेक. झाले की पन्नास! दूध धरलेलंच नाही अजून. म्हणजे "शाकाहारात प्रोटीन कुठून आणायचं" या प्रश्नाचं उत्तर जिममधल्या डब्यात नाही, वरणाच्या पातेल्यात आहे. फक्त ते वरण जरा घट्ट करावं लागेल, आणि दुसऱ्या जेवणाला उसळ हवी.

यात आणखी एक मेख आहे. प्रथिनं ज्या अमिनो आम्लांची बनतात, त्यांपैकी लायसिन धान्यात कमी असतं, डाळींमध्ये मेथिओनिन कमी. दोन्ही पोटात गेली की एकमेकांची उणीव भरून निघते. एकाच घासात जायला हवीत असंही नाही; दिवसभरात गेली तरी चालतं.

(पेठ तालुका. डोंगरउतारावरची नागलीची खाचरं, पाऊस.)

ज्वारी-बाजरीचं कौतुक सगळे करतात, म्हणून आपण इथे थांबू. ही नागली, बाजारात नाचणी म्हणूनही मिळते. पेठ, सुरगाणा, त्र्यंबक, इगतपुरीच्या डोंगरउतारांवर, जिथे भाताला पाणी टिकत नाही, तिथे ती उभी राहते. उन्हाळ्यात पालापाचोळा पसरून राब भाजायचा, पाऊस पडला की त्यात रोपं करायची आणि मग ती उतारावर लावायची. कष्टाचं पीक आहे हे.

शंभर ग्रॅम नागलीत साधारण ३५० मिलीग्रॅम कॅल्शियम असतं. प्रौढ माणसाची दिवसाची गरज १,००० मिलीग्रॅम. दोन मध्यम भाकऱ्यांना शंभर ग्रॅम पीठ लागतं, म्हणजे दिवसाचा तिसरा हिस्सा तिथेच भागला. कागदावर तरी. खरं सांगायचं तर नागलीतलं सगळं कॅल्शियम अंगी लागत नाही. त्यातली फायटेट आणि टॅनिन ते धरून ठेवतात. दाण्याला मोड आणले किंवा पीठ आंबवलं की ही पकड सैल होते. बाळाला मोडाच्या नागलीचं सत्व देणाऱ्या आज्या आणि उन्हाळ्यात आंबील करणारी घरं नेमकं हेच करत आली आहेत.

डोंगरातल्या आदिवासी घरांत नागलीच्या भाकरीबरोबर उडीद असतो. धान्य आणि कडधान्य, जोडी तयार! शहरात मात्र हीच नागली बिस्किटात घालून, साखर-मैद्याच्या सोबतीला, चढ्या भावाने विकली जाते. पाकिटावरचे घटक वाचलेत तर कळेल, नागली किती आणि बाकीचं किती.

(पुन्हा घाट. रानभाज्यांची पाटी.)

"मावशी, ही कोणती?"
"करटुलं. कडू नाही लागत, घेऊन जा."

रानभाज्यांबद्दल एकच सांगणं: विकणाऱ्या बाईला करायची कशी ते विचारा. शेवळासारखी भाजी आंबट न घालता केली की घशाला खाजते. डोंगरात त्यात काकडं (आंबट रानफळं) नाहीतर चिंच घालतात. हे ज्ञान इंटरनेटवर अर्धवट सापडतं, पाटीमागे पूर्ण.

आणि हिरवी भाजी म्हणजे पालकच, हा समज सोडा. पालकातल्या कॅल्शियमचा मोठा भाग ऑक्झलेटमुळे वाया जातो. मेथी, शेवग्याचा पाला, हरभऱ्याचा पाला आलटूनपालटून घ्या. हिवाळ्यात हरभऱ्याचा पाला वाळवून ठेवला तर वर्षभर पुरतो.

लोहाचं दुखणं जुनं आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयोगटातल्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. त्यात मांसाहारीही आल्या, तेव्हा दोष एकट्या शाकाहाराचा नाही. पण वनस्पतींमधलं लोह शरीर सहज घेत नाही, हे खरं. त्याला 'क' जीवनसत्त्वाची जोड लागते. उसळीवर लिंबू पिळायचं ते नुसतं चवीसाठी नाही. जेवणाआधी-नंतर तासभर चहा टाळायचा, हे मात्र नाशिकमध्ये सांगणं कठीण आहे.

फळाचं म्हणाल, तर या जिल्ह्याचं नाव द्राक्षाने झालं. पण 'क' जीवनसत्त्वात पेरू द्राक्षाला कुठल्या कुठे मागे टाकतो. शंभर ग्रॅम पेरूत ते २०० मिलीग्रॅमहून जास्त असतं. पेरू स्वस्त आहे, म्हणून त्याला कोणी विचारत नाही, इतकंच.

(मिसळीचं हॉटेल. रविवारची गर्दी.)

नाशिकवर बोलायचं आणि मिसळ टाळायची, हे शक्य नाही. मोडाची मटकी, कांदा, कोथिंबीर, लिंबू: इथपर्यंत आहारतज्ज्ञही हरकत घेणार नाही. गडबड होते ती तर्रीत आणि फरसाणात. दिवसभराचं तेल २७ ग्रॅम पुरे, असं तीच तत्त्वं सांगतात, आणि लालभडक तर्रीच्या दोन वाट्या तो कोटा बसल्या जागी संपवतात. मग मैद्याचे पाव, आणि वर जिलबी! आमचं मत विचाराल तर रविवारी मिसळ मनसोक्त खावी. सोमवार ते शनिवार तीच मटकी घरी कमी तेलात, भाकरीबरोबर.

उपवासाचंही जाता जाता. साबुदाण्यात पिष्टाखेरीज फारसं काही नाही. वरईची भगर आणि दाण्याची आमटी केली, तर उपवासाचं ताट रोजच्यापेक्षा बरं ठरतं.

(औषधाचं दुकान.)

आता ती राहिलेली गोष्ट. बी-१२. हे जीवनसत्त्व जिवाणू तयार करतात. कुठल्याही भाजीत, फळात, धान्यात भरवशाचं मिळत नाही. इडली आंबवली म्हणून येत नाही, स्पिरुलिनाच्या गोळ्यांतूनही नाही. दूध-दही घेणाऱ्यांना थोडं मिळतं. ज्यांनी दूधही सोडलं त्यांना बाहेरूनच घ्यावं लागतं, यात वाद नाही. यकृतात साठा वर्षानुवर्षं पुरतो, म्हणून सुरुवातीला काहीच जाणवत नाही. मग हातापायांना मुंग्या, थकवा, विसराळूपणा. तोवर नसांना इजा झालेली असू शकते. रक्ततपासणी साधी आहे, गोळी महाग नाही, आणि तिच्यातलं बी-१२ जिवाणूंकडूनच बनवून घेतलेलं असतं. निसर्गाविरुद्ध काही केलं, असं वाटून घेऊ नका. मात्रा डॉक्टर ठरवतील. गर्भवती बायकांनी तर त्यांना आधीच विचारावं.

त्याच दुकानातून बाहेर पडताना मिठाचंही बघा. सैंधव चांगलं म्हणून आयोडीनचं मीठ सोडणारी घरं वाढली आहेत. सैंधवात पुरेसं आयोडीन नसतं.

जवस मात्र घाटावरच घ्या. ओमेगा-३ साठी रोज चमचाभर पुरे. पण भाजून कुटलेलं. अख्खं खाल्लं तर जसं गेलं तसं बाहेर येतं.

(शाळेचा डबा.)

मुलांची अडचण वेगळी. पोट लहान, आणि शाकाहारी जेवण आकाराने मोठं. नुसत्या पालेभाजीने ते भरतं, पण ताकद येत नाही. म्हणून त्यांच्या जेवणात दाण्याचा कूट, तीळ, तूप किंवा तेल थोडं सढळ हाताने. शिवाय उसळ डब्यात सांडते, वह्यांना वास येतो आणि पोर दुसऱ्या दिवशी डबा परत आणतं. त्यावर उपाय: भाजणी. ज्वारी, बाजरी, गहू, तांदूळ, हरभऱ्याची डाळ, उडीद, धणे-जिरे, सगळं वेगवेगळं भाजून एकत्र दळलेलं. थालीपीठ लावताना त्यात उरलेली मटकी चेचून घाला, मेथी चिरून घाला, वरून तीळ. मधे भोक पाडून तेल सोडा, झाकण ठेवा. गार झालं तरी मऊ राहतं, डब्यात सांडत नाही, आणि आत काय काय आहे हे पोराला सांगायची गरज नाही.