फलकावरचा महिना, गावातला हंगाम

[दृश्य : प्राथमिक आरोग्य केंद्राची भिंत. एकाच खिळ्याला एकावर एक अडकवलेले फलक.]

जून हिवतापविरोधी महिना. जुलै डेंग्यूविरोधी महिना, त्यातच ११ तारखेला लोकसंख्या दिन. ऑगस्टचा पहिला आठवडा स्तनपानाचा, १० तारीख जंतनाशक गोळीची, २५ पासून नेत्रदान पंधरवडा. सप्टेंबरात पोषण माह. ऑक्टोबर स्तनाच्या कर्करोगाचा, शिवाय १ तारखेला रक्तदान आणि १० ला मानसिक आरोग्य. १४ नोव्हेंबर मधुमेह, १ डिसेंबर एड्स, जानेवारीत रस्ता सुरक्षा, ३० जानेवारीपासून कुष्ठरोग, १० फेब्रुवारीला पुन्हा जंत, २४ मार्चला क्षयरोग.

दिल्लीत आणि बेंगळुरूत यातल्या बहुतेक विषयांना वेगळा विभाग आहे, वेगळा अधिकारी आहे. कर्नाटकाच्या बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर किंवा चिकोडी तालुक्यातल्या गावात मात्र हे सगळं दोघीजणींच्या अंगावर पडतं, आशाताई आणि अंगणवाडीच्या बाई.

यातला एकही दिवस बिनकामाचा नाही. पण तारीख ठरते कुठेतरी लांब, आणि आजार वाढतो इथल्या पावसावर, इथल्या कामावर. जागतिक हिवताप दिन २५ एप्रिलला येतो. एप्रिलात आपल्याकडचे ओढे आटलेले असतात. म्हणून आपल्या देशात हिवतापाचा महिना जूनमध्ये घेतात, पावसाच्या तोंडावर. असाच विचार प्रत्येक तालुक्यानं बाकीच्या दिवसांबद्दल करायला हवा.

[दृश्य : निपाणी. तंबाखूची वखार, चाळणीवर काम करणाऱ्या बायका.]

३१ मे, तंबाखूविरोधी दिन. निपाणीत तंबाखू म्हणजे पीक आणि मजुरी. तंबाखूला रास्त दर मिळावा म्हणून इथल्या शेतकऱ्यांनी १९८१ साली महामार्ग अडवून धरला होता. अशा गावात शाळेच्या पोरांची फेरी काढून ‘तंबाखू सोडा’ म्हणणं पुरेसं नाही. शिवाय मे महिन्यात रानात तंबाखू नसतो. लागण ऑगस्ट-सप्टेंबरात, काढणी जानेवारी-फेब्रुवारीत. ओल्या पानातलं निकोटीन कातडीतून अंगात जातं, मग गरगरतं, उलट्या होतात. हे सांगायची वेळ शेंडे खुडायच्या आधीची. दव वाळल्यावर रानात शिरा, पूर्ण बाह्यांचे कपडे घाला, काम झालं की हात कोपरापर्यंत धुवा. मे महिन्यात हे सांगितलं, तर कामाच्या वेळेपर्यंत कुणाच्या लक्षात राहणार?

मे महिन्यात करण्यासारखं खरं काम एकच, तोंडाची तपासणी. इथे पहिली चूक होते ती प्रश्नातच. ‘तंबाखू खाता का?’ असं विचारलं की बाई ‘नाही’ म्हणते, आणि ती खोटं बोलत नसते. तव्यावर तंबाखू भाजून काळी केलेली मिश्री ती सकाळ-संध्याकाळ हिरडीला लावते. तिच्या लेखी ते दात घासणं आहे. त्यामुळे ‘आक्का, मिश्री लावता काय? दिवसातनं कितींदा?’ असंच विचारावं लागतं.

[दृश्य : अंगणात उजेडाकडे तोंड करून बसलेली बाई, हातात आरसा.]

मग तपासणी. आधी चूळ भरायला सांगायची, नाहीतर मिश्रीच्या काळ्या थरात काही दिसत नाही. उजेड तोंडावर हवा. खालचा ओठ उलटा करून बघायचा, मग वरचा. दोन्ही गालांची आतली बाजू बोटानं ताणून बघायची. जीभ बाहेर, मग उजवीकडे, डावीकडे, आणि टोक टाळूला लावून जिभेखाली. पुसून न जाणारा पांढरा डाग, लाल मखमलीसारखा डाग, दोन-तीन आठवड्यांत न भरलेली जखम, यातलं काहीही दिसलं की डॉक्टरकडे पाठवायचं. शेवटी तिला तिचीच तीन बोटं उभी तोंडात घालायला सांगायची. ती जात नसतील तर गालाची आतली कातडी आखडत चालली आहे. सुपारी, गुटखा खाणाऱ्या तरुण पोरांत हे जास्त दिसतं. एका माणसाला पाच मिनिटं पुरतात. ३० वर्षांवरच्या प्रत्येकाची अशी तपासणी पाच वर्षांतून एकदा करायची, असं सरकारी कार्यक्रमातच सांगितलं आहे.

[दृश्य : अंगणवाडी. दोन चमच्यांमध्ये चुरली जाणारी गोळी.]

जंतनाशक दिन बऱ्यापैकी नीट चालतो, कारण त्या दिवशी हातात गोळी असते. अल्बेंडाझोल ४०० मिलिग्रॅम. एक ते दोन वर्षांच्या मुलाला अर्धी, दोन चमच्यांत चुरून पाण्यातून. दोन ते तीन वर्षांच्या मुलाला पूर्ण, पण चुरूनच. त्यापुढे १९ वर्षांपर्यंत पूर्ण गोळी, चावून. अख्खी गिळायला लावली तर लहान मुलाच्या घशात अडकू शकते. मूल आजारी असेल तर त्या दिवशी नाही. आठवड्यानं राहिलेल्या मुलांचा दिवस असतो, तेव्हा. गोळी घरी पाठवायची नाही, समोरच खाऊ घालायची. ज्याच्या पोटात जंत जास्त, त्याला गोळीनंतर थोडी पोटदुखी किंवा मळमळ होऊ शकते. हे आईला आधी सांगितलं नाही, तर पुढच्या वेळी ती मुलाला पाठवत नाही.

डेंग्यूच्या महिन्यात फवारणीचं यंत्र आलं की लोकांना हायसं वाटतं. पण नळाला चार-चार दिवसांनी पाणी येतं तिथं डास पाण्याच्या बॅरलमध्येच होतो. अंड्याचा डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एक वार कोरडा पाळायचा. नुसतं पाणी ओतून भागत नाही. अंडी पाण्याच्या रेषेजवळ भांड्याला आतून चिकटतात आणि कोरडी राहूनही महिनोन्‌महिने टिकतात. काथ्यानं आतली कड घासायची, उन्हात वाळवायचं, मग भरायचं. आणि हे फक्त जुलैत करून चालत नाही, पाऊस सरल्यावरही चालू ठेवावं लागतं.

भाषेचं एक सांगायलाच हवं. सीमाभागात ज्यांची शाळा मराठीत झाली, त्यांतल्या अनेकांना कन्नड बोललेलं कळतं, छापलेलं वाचता येत नाही. जुलाबाच्या मुलाला झिंकची गोळी १४ दिवस द्यायची असते. मूल तिसऱ्या दिवशी खेळायला लागतं आणि गोळी बंद होते. कागदावरचं ‘१४ दिवस’ आईला वाचता येत नसेल, तर आशाताईनं गोळ्या तिच्यासमोर मोजाव्यात आणि मराठीत सांगावं. त्यासाठी वेगळा फलक छापायची गरज नाही.

[दृश्य : सौंदत्तीच्या वाटेवरच्या बैलगाड्या, एसटी, पिवळा भंडारा.]

सौंदत्तीच्या डोंगरावर यल्लम्मा देवीला मुली सोडण्याच्या, म्हणजे देवदासी प्रथेविरुद्ध कर्नाटकात १९८२ सालीच कायदा झाला. पण त्यासाठी जागं राहायचं ते मार्गशीर्ष आणि माघ पौर्णिमेच्या आधी, यात्रा निघण्याअगोदर, त्या-त्या घरी जाऊन. बालविवाहाचंही तसंच. लग्नसराईच्या आधी मंडपवाला, आचारी, भटजी, बँडवाला यांना गाठायचं. मुलीचं वय १८ भरलंय का, हे त्यांनी सुपारी घेतानाच विचारायचं, आणि शंका आली तर १०९८ ला फोन करायचा.

[दृश्य : ग्रामपंचायतीची खोली. टेबलावर वही.]

गावच्या आरोग्य, स्वच्छता आणि पोषण समितीचा निधी वर्षाला १०,००० रुपयांपर्यंत. त्यातले पैसे फलकांवर घातले तर तपासणीला उरत नाहीत. समितीनं आपल्या गावाचे तीन-चार विषयच निवडावेत आणि प्रत्येकाला एक वही ठेवावी. निपाणीकडच्या गावात पहिली वही तोंडाच्या तपासणीची. तिच्यात नाव, काय दिसलं, कुठल्या वारी दंतवैद्य भेटतात, कुठली बस, आणि सोबत कोण जाणार. हे शेवटचं रिकामं राहिलं की बाई जातच नाही. दिवसाची मजुरी बुडते, आणि मोठ्या दवाखान्यात कुठल्या खिडकीवर उभं राहायचं तेही ठाऊक नसतं. पंधरा दिवसांनी आशाताईनं पुन्हा त्याच घरी जायचं. चिठ्ठी दाखवली का, डाग तेवढाच आहे की वाढलाय, आणि मिश्रीची डबी अजून चुलीजवळ आहे का, ते बघायचं.