दारावर आलेली बँक

श्रोतेहो, नमस्कार.

पिग्मी म्हणजे काय, हे तुम्हाला सांगायला नको. संध्याकाळी दुकान आवरायच्या वेळेला खांद्याला पिशवी अडकवलेला माणूस येतो, आपण वीस-पन्नास रुपये काढून देतो, तो पावती फाडतो, आणि ते पैसे आपल्या नावावर साठत जातात. झालं. आज बोलायचंय ते ही पिग्मी ज्या बँकेनं रुजवली तिच्याबद्दल. ती सिंडिकेट बँक. गाव उडुपी, साल 1925.

बँक काढली घरच्याघरी म्हणावी अशीच. उपेंद्र अनंत पै हे व्यापारी. त्यांचे धाकटे भाऊ टी. एम. ए. पै हे डॉक्टर. आणि जोडीला वामन कुडवा, हे इंजिनिअर. भांडवल 8000 रुपये. बरोबर ऐकलंत, आठ हजार. किनाऱ्यावरचा हातमागाचा धंदा तेव्हा पार बसला होता, विणकरांना सुतासाठीही पैसे उरत नव्हते. त्यांना उभं करावं म्हणून ही खटपट. नाव मात्र भांडवलाच्या मानानं भलतंच मोठं ठेवलं: कॅनरा इंडस्ट्रियल अँड बँकिंग सिंडिकेट. सुटसुटीत 'सिंडिकेट बँक' व्हायला साठचं दशक उजाडलं.

त्या एका जिल्ह्याचं नवल वाटतं. दक्षिण कॅनरा. 1906 साली मंगळूरला कॅनरा बँकेची सुरुवात, त्याच वर्षी उडुपीत कॉर्पोरेशन बँकेची. 1924 ला कर्नाटक बँक, 1925 ला सिंडिकेट, 1931 ला विजया. लोक म्हणतात, तिकडच्या पाण्यातच काहीतरी आहे. मला विचाराल तर पाण्यात काही नसतं, शाळांत असतं. ज्या गावात मास्तरांना मान, त्या गावात हिशोबाची वही नीट. आपल्याकडे आता मास्तरांना जनगणनेपासून मतदार याद्यांपर्यंत सगळ्या कामांना जुंपतात, पण ते असो.

तर कर्ज द्यायचं म्हणजे आधी ठेवी हव्यात. विणकर, मच्छीमार, हमाल, फुलवाल्या बँकेची पायरी चढत नव्हते. मग 1928 साली पै मंडळींनी ठरवलं की आपणच त्यांच्या दारात जायचं. रोज जायचं आणि दोन आणेसुद्धा घ्यायचे. रोजचे दोन आणे. वर्षाचे होतात पंचेचाळीस रुपये दहा आणे. 1928 सालचे पंचेचाळीस रुपये हं!

आता या रोज दारात जाण्याची ताकद काय असते, ते मी आकडेवारीनं सांगणार नाही. एक किस्सा सांगतो. मी तो जिथं जातो तिथं सांगतो, घरच्यांना पाठ झालाय.

कोकणातल्या एका मंडईत पिग्मी गोळा करणारे एक गृहस्थ होते. कुठल्या बँकेचे ते जाऊ द्या. किस्सा त्यांच्याच तोंडून ऐकलेला. मंडईत एक भाजीवाल्या वहिनी बसायच्या, आणि मागच्या गल्लीत त्यांच्या यजमानांचं शिवणकामाचं दुकान. माणूस देवासारखा, पण हात सैल. कुणी 'अडचण आहे' म्हटलं की गल्ला मोकळा. म्हणून वहिनींनी त्यांना न सांगता पिग्मी सुरू केली. पासबुक कुठं ठेवायच्या? तराजूखालच्या गोणपाटात, वजनांच्या पिशवीत. रोज सहाच्या सुमारास हे गृहस्थ यायचे, वहिनी इकडंतिकडं बघायच्या आणि कोथिंबिरीच्या जुडीआडून दहाची नोट सरकवायच्या.

हे सगळं टेलरमास्तरांनी पाहिलं. एकदा पाहिलं, दोनदा पाहिलं. रोज एक माणूस येतो, बायको चोरून पैसे देते, तो वहीत लिहून घेतो. मास्तरांनी निष्कर्ष काढला: हिनं सावकाराकडून कर्ज काढलंय, आणि आपल्याला सांगायची तिला लाज वाटतेय.

दुसरा कुणी असता तर घरात तमाशा झाला असता. मास्तरांनी काय केलं? एका संध्याकाळी या गृहस्थांना गल्लीच्या तोंडाशी गाठलं आणि हळूच विचारलं, "साहेब, तिचं किती राहिलंय? मी भागवतो. पण तिला कळता कामा नये."

गृहस्थांची पंचाईत. वहिनींना शब्द दिलेला, खरं सांगता येईना. क्षणभर विचार करून ते म्हणाले, "एकदम नको. तुम्ही रोज दहा रुपये देत जा." आणि पिशवीतून एक फॉर्म काढला. "इथं सही करा."

मास्तरांना वाटलं, जामिनाचा कागद. केली सही! आता आजच्या केवायसीच्या जमान्यात असं खातं उघडता येणार नाही, आणि नियमात तेव्हाही बसत नव्हतंच. पण उघडलं खरं. पुढची दोन वर्षं नवरा-बायको एकाच माणसाकडं, पन्नास पावलांच्या अंतरावर, एकमेकांपासून लपवून पैसे भरत होते. ती मंडईत, हा गल्लीत. पावतीसुद्धा मास्तर न वाचता मशीनच्या खणात टाकायचे. कर्जाचा कागद कोण हौसेनं वाचतो?

वहिनींची मुदत भरली. त्यांनी पैसे आणून नवऱ्यापुढं ठेवले, म्हणाल्या, पावसाळ्याआधी कौलं बदलून घेऊ. मास्तर चक्रावले. हिचं कर्ज नव्हतंच, तर आपण दोन वर्षं भरलं कुणाला? तरातरा निघाले, गृहस्थांना भर मंडईत धरलं आणि नको नको ते बोलले. गृहस्थांनी सगळं ऐकून घेतलं, आणि मास्तरांच्या नावाचं पासबुक काढून हातात दिलं. मास्तरांनी ते उघडलं. आकडा दोनदा वाचला. मग आवाज खाली आणून म्हणाले, "बरं, चालू ठेवा. पण हे तिला सांगू नका."

असो. तर वेळ थोडा आहे. सिंडिकेट बँक या दोन-दोन आण्यांवर वाढली. रोज दारात जाऊन वाढली. पुढं बँकेचं मुख्यालय मणिपालला गेलं. त्याच डॉक्टर पैंनी तिथं 1953 मध्ये कस्तुरबा मेडिकल कॉलेज काढलं होतं. उपेंद्र पैंचे चिरंजीव टी. ए. पै बँकेत घडले आणि नंतर देशाचे रेल्वेमंत्री झाले. 19 जुलै 1969 ला चौदा बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं, त्यात ही एक. 1975 च्या गांधी जयंतीला देशातली पहिली ग्रामीण बँक मुरादाबादला निघाली, 'प्रथमा'. तीही हिच्याच पुढाकारानं. आणि 1 एप्रिल 2020 ला सिंडिकेट बँक कॅनरा बँकेत विलीन झाली. उडुपीची लेक मंगळूरच्या घरात गेली म्हणा. मला स्वतःला ही विलीनीकरणं रुचत नाहीत. आयएफएससी बदलतो, चेकबुक बदलतं, आणि पासबुक छापायचं मशीन मात्र पूर्वीइतकंच बंद असतं.

पिशवी घेऊन फिरणाऱ्यांचं काय झालं, तेही सांगायला हवं. कमिशनवर राबणारी ही माणसं. बँका म्हणायच्या, हे आमचे कामगारच नव्हेत. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. 2001 मध्ये निकाल लागला: पिग्मी गोळा करणारे हे कामगारच आहेत. खटला होता सिंडिकेट बँकेच्याच कामगारांचा.

आता तुमच्या पिग्मीबद्दल दोन गोष्टी, आणि थांबतो. पावती रोज घ्या आणि, टेलरमास्तरांसारखं करू नका, ती वाचा. महिन्यातून एकदा शाखेत जाऊन शिल्लक ताडून बघा. दुसरं, पिग्मी बँकेची आहे की पतसंस्थेची, हे विचारा. बँकेतल्या ठेवीला पाच लाख रुपयांपर्यंत विमा असतो. पतसंस्थेतल्या ठेवीला तो विमा नाही. पुन्हा सांगतो: बँकेला आहे, पतसंस्थेला नाही. पतसंस्थेत पैसे असतील तर वार्षिक सभेला जा आणि लेखापरीक्षणात कुठला वर्ग मिळाला, ते उभं राहून विचारा. नमस्कार.