आजोबांचा तारा कोणता?

मंडळी, आपल्याकडे हिवाळ्यातली खरी सुट्टी दिवाळीची. तिच्यातले काही दिवस वाचवून बऱ्याच शाळा नाताळला आठवडाभर सुट्टी देतात. त्या आठवड्यात मुलांना कुठल्या शिबिराला घालू, असं मला पालक दरवर्षी विचारतात. शिबिरं चांगलीच असतात. पण तिथे मूल एकटं जातं, आपण त्याला दारात सोडून परत येतो. मला आज बोलायचंय ते आजीपासून धाकट्यापर्यंत सगळ्यांनी मिळून करायच्या गोष्टींबद्दल. हिवाळा त्यासाठी अगदी सोयीचा. अंधार लवकर पडतो, हवा कोरडी असते, आभाळ स्वच्छ असतं आणि थंडी माणसांना जवळ जवळ बसवते.

माझं माहेर सोलापूरकडचं, त्यामुळे मला पहिल्यांदा हुरडाच आठवणार. रब्बीची ज्वारी दाण्यात दूध भरून जरा घट्ट व्हायला लागली की हुरड्याला येते. त्यातही गुळभेंडी किंवा सुरती असेल तर गोडी वेगळीच. शेतात एक छोटा खड्डा करायचा, त्यात गोवऱ्या पेटवायच्या, धूर गेला आणि निखारे फुलले की कणसं त्यात खुपसायची. ही आगटी. दाणे फुटल्याचा तडतड आवाज यायला लागला की कणीस बाहेर काढायचं आणि गरम असतानाच तळहातांत चोळायचं. थंड झालं की दाणा सुटत नाही, म्हणून हात पोळले तरी थांबायचं नाही! माझ्या नातवानं पहिलं कणीस चोळलं तेव्हा त्याचे डोळे पाण्यानं भरले होते, पण त्यानं ते हातातून सोडलं नाही. मग फुंकर मारून कोंडा उडवला आणि हिरवेगार, वाफाळलेले मूठभर दाणे त्यानं आधी आजोबांच्या हातावर ठेवले. सोबत शेंगदाण्याची चटणी, लसणाची चटणी, दही आणि गूळ.

हल्ली शहराजवळच्या शेतांवर हुरडा ताटलीत तयार मिळतो. जरूर जा, पण निदान एक कणीस मुलाला स्वतः चोळू द्या. एवढी एकच विनंती.

आगटीभोवती बसलं की वर बघणं आपोआप होतं. आमची आई आम्हाला तिथेच 'तिकांडं' दाखवायची. मृग नक्षत्राच्या मध्यभागी एका ओळीत असलेले ते तीन तारे, म्हणजे हरणाच्या पोटात घुसलेला व्याधाचा बाण. सप्तर्षींना ती 'बाजलं' म्हणायची. मी पुढे 35 वर्षं भूगोल शिकवला, पण आकाश मला आगटीपाशी मिळालं.

आता एक खेळ सांगते. आमच्या घरात तो गेली काही वर्षं चालू आहे. ताऱ्याचा प्रकाश आपल्यापर्यंत यायला किती वर्षं लागतात हे आपल्याला माहीत असतं, आणि घरातल्या प्रत्येकाचं वयही माहीत असतं. मग ज्याच्या त्याच्या वयाचा तारा शोधायचा. नाताळच्या सुट्टीत रात्री दहाच्या सुमाराला गच्चीवर जा आणि तिकांडं शोधा. त्याची रेघ खाली वाढवली की लखलखीत व्याध. त्याचा प्रकाश निघून 8.6 वर्षं झाली, म्हणजे तिसरीतल्या मुलाच्या जन्माच्या सुमारास निघालेला तो प्रकाश आज त्याच्या डोळ्यांत शिरतो. व्याधाच्या डावीकडे प्रश्वा, 11.5 वर्षांचा. तो सहावीतल्या ताईचा. त्याच्याही डावीकडे पुनर्वसूचे दोन तारे शेजारी शेजारी दिसतात. त्यांतला जास्त ठळक 34 वर्षांचा, तो आईला द्या. उत्तरेकडे उंचावर पिवळसर ब्रह्महृदय आहे, 43 वर्षांचं, ते बाबांना. आणि तिकांड्याची रेघ उलट्या दिशेनं वर नेली की तांबूस रोहिणी. तिचा प्रकाश 65 वर्षांपूर्वी निघालेला. आजोबांचा तारा तो! वयं तंतोतंत जुळायला नकोत, दोन-चार वर्षं इकडेतिकडे चालतात.

हे पाचही तारे शहरातल्या गच्चीवरून दिसतात, म्हणून मुद्दाम हेच निवडले. रोहिणीच्या पुढे कृत्तिकांचा पुंजका आहे, तो मात्र दिव्यांच्या झगमगाटात पुसट होतो. त्याचा प्रकाश सुमारे 440 वर्षांपूर्वीचा, म्हणजे शिवरायांच्या जन्माच्याही आधीचा. आणि साडेदहा-अकरापर्यंत जागलात तर दक्षिणेला क्षितिजाच्या थोडं वर अगस्त्य दिसेल. सुमारे 310 वर्षं. बाळाजी विश्वनाथ पेशवे झाले त्या काळात तो प्रकाश तिथून निघाला. इतिहासाच्या पुस्तकातली ती वर्षं मुलांना अशी डोळ्यांनी दिसतात.

पहिल्या वर्षी मी एक चूक केली होती. आकाश ओळखणारं अ‍ॅप घेऊन गेले आणि सगळं घर गच्चीवर त्या पडद्यातच बघत बसलं. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वीस मिनिटं तरी लागतात, आणि मोबाइल एकदा उजळला की ती पुन्हा पहिल्यापासून. आता आम्ही मोबाइल खालीच ठेवतो. बॅटरीला लाल जिलेटिनचा कागद लावतो, सतरंजी टाकतो, गोधड्या घेतो आणि आडवे होतो. पहिली वीस मिनिटं कुणाला काही नीट दिसत नाही. त्या वीस मिनिटांत मुलं जे बोलतात ते दिवसा कधी बोलत नाहीत. शाळेतलं भांडण, मनातली भीती, एखादं कबूल न केलेलं काही. पालकांनो, ती वीस मिनिटं चुकवू नका.

दिवसा करायची गोष्ट आणखी सोपी. एक मीटरची सरळ काठी वाळूच्या बादलीत उभी रोवा आणि बादली गच्चीच्या उन्हात ठेवा. पुण्यात डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात दुपारी साधारण 12 वाजून 35 मिनिटांनी सूर्य सर्वांत उंच असतो. त्या क्षणी काठीच्या सावलीचं टोक खडूनं टिपा आणि मापा. 21-22 डिसेंबरला ती जवळजवळ 90 सेंटिमीटर भरते, कारण आपल्या डोक्यावरून सूर्य तेव्हा सर्वांत जास्त दक्षिणेला गेलेला असतो. अख्ख्या सुट्टीत सावली जेमतेम सेंटिमीटरभर आखडते. मुलं कंटाळतील, 'काहीच होत नाही' म्हणतील. मोजणं सोडू नका. संक्रांतीला मोजलं की ती पाच-सहा सेंटिमीटरनं कमी भरते, आणि तिळगूळ वाटता वाटता उत्तरायण म्हणजे काय ते त्यांचं त्यांनाच समजतं. आमच्याकडे सावल्यांची वही आहे. तारीख आणि सेंटिमीटर, बाकी काही नाही. शाळा सुरू झाल्यावर रोज जमत नाही, पण रविवार पुरतात.

माझा नातू तेव्हा तिसरीत होता. नाताळात सुरू केलेली वही त्यानं मे महिन्यापर्यंत नेली. 13-14 मेच्या सुमारास पुण्यात भरदुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो. आम्ही दोघं गच्चीवर उन्हात उभे होतो आणि सावली काठीच्या दिशेनं सरकत सरकत तिच्या बुडाशी गडप झाली. त्यानं बादलीभोवती एक फेरी मारली, चारही बाजूंनी वाकून पाहिलं. मग वहीत त्या तारखेपुढे शून्य लिहिलं आणि आजोबांना बोलवायला जिन्यावरून खाली पळाला.